किडनी कुणाची घ्यावी: एचआयव्ही असलेल्या दात्याची की नसलेल्या?

एचआयव्हीसह जगणाऱ्याची किडनी निकामी झाली, तर अमेरिकेत दोन वाटा असतात. एचआयव्ही नसलेल्या दात्यासाठी थांबायचं, ही पहिली. रांग लांब, आणि तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास, हातात दोन जाड सुया.

दुसरी वाट म्हणजे एचआयव्ही असलेल्याच दात्याची किडनी; इथली रांग लहान. हे धाडस आधी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. एल्मी म्युलर यांनी २००८ मध्ये केलं. अमेरिकेचा कायदा २०१३ मध्ये बदलला.

२०२४ चा तिथला अभ्यास १९८ रुग्णांचा, दोन्ही वाटांवर ९९-९९. तीन वर्षांनी पहिल्या वाटेवरचे ८७ टक्के हयात, दुसरीवरचे ८५. विषाणूनं पुन्हा डोकं वर काढणं मात्र दुसरीकडे सुमारे तिप्पट.

औषधांची कटकट दोन्हीकडे सारखीच. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, रक्तात साचतं. रोज दोनदा घ्यायचं औषध आठवड्यातून एकदाच, तेही चिमूटभर द्यावं लागतं. म्हणून रुग्णाला आधीच डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर आणलेलं बरं.

गोळ्या न चुकवणाऱ्याला मी दुसरी वाटच सुचवीन. खुर्चीतली वर्षंही फुकट नसतात.