उद्यमबागेतलं क्राऊन-पिनियनचं काम

माझ्या कॉन्टेसा गाडीत दमदार डिझेल इंजिन बसल्यापासून मागच्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचं, रडगाणं सुरू होतं. शेवटी जीपचं जाडजूड डिफ्रन्शियल (ही जोडी ज्यात बसते तो मागचा भाग) घेऊन उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात गेलो. बेळगावात फाउंड्री आणि लेथ पावलोपावली, पण हौसिंग (त्याचं बाहेरचं कवच) कापून पुन्हा सरळ रेषेत जोडणारे हात मोजकेच.

मिस्त्रीमामांनी घाई केली नाही. क्राऊनच्या दातांना रंग फासून हातानं फिरवून दाखवलं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, तो एका कडेला सरकलेला. "पिनियनला अजून एक शिम लागतंय बघा," म्हणाले (शिम म्हणजे अंतर जुळवायची पातळ चकती) आणि सगळं परत खोललं. डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजला, मगच झाकण बंद. प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा दांडा) नव्या मापाला कापून बॅलन्स केला. तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑइल.

चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर दाबून चढवली, मागून हूं की चूं नाही. रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलल्यानं स्पीडोमीटर मात्र थापा मारतो आणि हायवेला इंजिन जास्त ओरडतं. मामांनी ते आधीच बजावलं होतं.

पावती मागून घ्यावी लागते. फोन उचलत नाहीत, थेट जा.