किडीच्या डेंटिनवर बाँड: क्लोरहेक्सिडिन की एमडीपी?

नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचा पेशंट दात भरून गेला, की सिमेंट निघेपर्यंत सहसा परत येत नाही. म्हणून बाँड, म्हणजे फिलिंगची दाताशी पकड, टिकायलाच हवा. मऊ कीड खरवडल्यावर खाली तपकिरी, जरा कडक डेंटिन (बाहेरच्या कडक एनॅमलखालचा दाताचा थर) उरतं. ते ठेवायचंच असतं. पण त्यात खनिज कमी, पाणी जास्त, आणि बाँड नेमका तिथेच कच्चा राहतो.

पहिला मार्ग म्हणजे ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडने १५ सेकंद एचिंग (पृष्ठभाग खरबरीत करणं), धुऊन २ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, मग बाँडचं द्रव. अ‍ॅसिडने डेंटिनमधलं कोलॅजन (प्रथिनाचे धागे) उघडं पडतं, रेझिन (बाँडमधलं चिकटणारं द्रव्य) तळापर्यंत पोचत नाही आणि दातातलीच एमएमपी एन्झाइम्स ते कोलॅजन तोडत राहतात. क्लोरहेक्सिडिन त्यांना रोखतं खरं, पण हळूहळू झिरपून जातं.

दुसरा, एमडीपी हा रासायनिक घटक असलेला सौम्य सेल्फ-एच, म्हणजे वेगळं एचिंग न करता स्वतःच ते काम करणारा बाँड. तो कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो, कोलॅजन फारसं उघडं पाडत नाही. किडीच्या डेंटिनमध्ये कॅल्शियमच कमी, तेवढी त्याची मर्यादा.

मी दुसराच घेईन. एनॅमलच्या कडेला मात्र अ‍ॅसिड वेगळं लावायचं, बाँड नीट घासायचा आणि हवेने पुरेसा सुकवायचा. घाई इथेच नडते. आणि जळगावच्या मे महिन्यात बाटली उघडी ठेवू नका, त्यातलं द्रावक उडून जातं.