बत्तीस बोअरचं छोटं हत्यार: अशनी, निर्भीक की प्रबल?

पंपावर येणारी ओळखीची माणसं डिझेल भरता भरता हळूच विचारतात, "ताई, हत्यार कोणतं घेतलाव?" टाकी भरेपर्यंत सांगून होईल असं हे उत्तर नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे आमचा पेट्रोल पंप आहे. २०१९ मध्ये आमचे मालक, म्हणजे माझे पती, गेले, तेव्हापासून पंप मीच बघते. २०२२ च्या श्रावणात रात्री साडेदहाला दुचाकीवरून दोघं आले, आमच्या मॅनेजरमामांच्या हातावर कोयता मारला आणि शिफ्टची कॅश घेऊन गेले. मामांची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्यानंतर बँकेतला भरणा मी स्वतः करायला लागले आणि शस्त्र परवान्यासाठी अर्ज टाकला. परवाना हातात पडायला चौदा महिने लागले. एका टेबलावर तर माझी फाइल चार महिने नुसती पडून होती. असो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. पुण्यात शिकणारा माझा भाचा मला अमेरिकेतले व्हिडिओ पाठवत राहायचा. तिकडं लपवून बाळगायला ग्लॉक ४३ घेतात, सिग पी ३६५ घेतात. दोन्ही तळहाताएवढी पिस्तुलं, आणि सिगच्या छोट्या मॅगझिनमध्येही (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) दहा गोळ्या मावतात. बघायला छान वाटतं, पण ती दोन्ही ९ मिलिमीटरची आहेत, आणि आपल्याकडं ९ मिलिमीटर म्हणजे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप). सामान्य माणसाच्या परवान्यावर ते मिळत नाही. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बंदच आहे. बाजारात जी परदेशी पिस्तुलं फिरतात ती त्याआधीची, हातोहात विकली गेलेली, आणि भाव ऐकून घाम फुटावा अशी. माझ्या माहेरच्या एका नातेवाइकाकडं तसलं जुनं पिस्तूल आहे. त्यांच्याच तोंडून ऐकलंय की सरावाच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला ते अडकतं, आणि सुटा भाग कुठं मिळत नाही. जीव वाचवायला घ्यायची वस्तू अशी असून चालत नाही.

म्हणजे आपल्यासारख्याला उरतं ते बत्तीस बोअर, म्हणजे ०.३२ इंचाचं. तिथंही सांभाळा. पिस्तुलाचं बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं आखूड, १७ मिलिमीटर केसचं (केस म्हणजे काडतुसाची पितळी नळी). रिव्हॉल्व्हरचं लांब, २३ मिलिमीटरचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असा छाप दिसला तर ते आपल्या पुण्याच्या खडकीचं.

हत्यारांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं काउंटरवर हिरवं कापड अंथरून तीन हत्यारं रिकामी करून ठेवली. अशनी पिस्तूल, निर्भीक रिव्हॉल्व्हर आणि प्रबल रिव्हॉल्व्हर. तिन्ही सरकारी आयुध कारखान्यांची. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं वेब्ली अँड स्कॉटचंही बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर बनतं, पण ते मी हातात धरलेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

मी घरून पिस्तूलच घ्यायचं ठरवून निघाले होते. कारण सरळ होतं. पिस्तूल चपटं असतं. कंबरेला लावून वरून कुर्ता सोडला की अंगासरसं बसतं. रिव्हॉल्व्हरचं गोळ्या बसतात ते गोल चक्र पोटाशी लिंबासारखं वर येतं. अशनीत मॅगझिनच्या आठ गोळ्या, बाकी दोन्हींत सहा. कागदावर अशनी सरसच होती. दुकानात खुर्चीवर बसून, वाकून, पंपाच्या टाकीतलं तेल मोजायला डिप काढताना वाकते तशी वाकून बघितलं. अशनी कुठंच टोचली नाही.

मग दुकानदार म्हणाले, "ताई, आता स्लाइड, हा वरचा सरकता भाग, ओढून बघा."

माझा उजवा अंगठा २०११ मध्ये मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. हाड जुळलं, चिमटीतला जोर गेला. उजव्या हातानं स्लाइड धरून ओढली, अर्ध्यातून सुटली. दुसऱ्यांदाही तेच. हात बदलला, डाव्या हातानं ओढली तेव्हा पूर्ण आली. यात त्या पिस्तुलाचा दोष काहीच नाही. या बोअरच्या पिस्तुलात गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड दाबून धरायचं काम स्लाइडचं वजन आणि तिची स्प्रिंग, एवढंच करतं. स्प्रिंग दमदार असावीच लागते. पण मला प्रश्न पडला तो असा: पिस्तूल चेंबर (नळीच्या मागचं गोळीचं घर) रिकामं ठेवून बाळगायचं, तर ऐन वेळी स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. माझ्या डाव्या हातात तर भरण्याची पिशवी असते. चेंबर भरून बाळगायचं, तर दिवसभर सेफ्टीवर, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या कळीवर, भिस्त. ज्यांचा रोजचा सराव आहे त्यांनी तसं जरूर करावं. मी आठवड्यातून तीनदा बँकेत जाते आणि उरलेला वेळ हिशेबात असते. घाबरलेल्या क्षणी सेफ्टी वर आहे की खाली, हे मला आठवेलच अशी खात्री मी स्वतःला देऊ शकले नाही.

रिव्हॉल्व्हरला हा प्रश्न नाही. ट्रिगर ओढला की चक्र फिरतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचं समोर येतं. एका हाताचं काम. ज्या बाईच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या हातात जोर कमी आहे, तिनं दोन गोळ्या जास्त मिळतात म्हणून पिस्तुलाच्या मागं लागू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता दोन रिव्हॉल्व्हर. निर्भीक २०१४ च्या सुरुवातीला आलं, दिल्लीच्या त्या मुलीच्या, 'निर्भया'च्या, आठवणीत हे नाव दिलं गेलं, आणि बायकांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून ते गाजलं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. आमच्या घरात त्या आकड्याची बरीच चर्चा झाल्याचं मला आठवतं; आत्याबाई म्हणाल्या होत्या, एवढ्यात दोन म्हशी येतात. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. घडण जुन्या वेब्लीच्या वळणाची: वरची कडी दाबली की नळी खाली झुकते, चक्र उघडं पडतं आणि रिकामी काडतुसं एकदम वर येतात. हातात घेतल्यावर पहिल्यांदा मनात आलं, इतकं हलकं!

प्रबल ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, कानपूरचं. वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. यात चक्र बाजूला उघडतं. असं उघडणारं हे भारतात बनलेलं पहिलंच रिव्हॉल्व्हर. जाहिरातीत सगळा भर पल्ल्यावर आहे, ५० मीटर म्हणे. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या ऑफिसच्या दारापासून पहिलं नोझल आठ पावलांवर आहे. पन्नास मीटरवरचा माणूस मला दिसला तर मी शटर ओढीन आणि ११२ लावीन. स्वसंरक्षण म्हणतात ते हाताच्या अंतरापासून खोलीच्या लांबीपर्यंत असतं.

तरीही मी प्रबल घेतलं, आणि ते दोन कारणांनी. पहिलं ट्रिगर. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब आणि जड असतो. बोटाला जेवढा जोर लावावा लागतो तेवढं नळीचं तोंड हलतं. रिकाम्या हत्यारावर दोन्हींचे दहा-दहा ट्रिगर ओढले, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखेवर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) धरून. माझ्या बोटाला प्रबलचा ट्रिगर मऊ लागला आणि माशी तारखेवर टिकली. दुसरं कारण वजनाचं. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण झटका सगळा मनगटात येतो. जड हत्यार तो अर्धा स्वतःच पिऊन टाकतं. माझ्या अंगठ्याला ते मानवलं. उदगीरच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडं निर्भीक आहे. ती रात्रीबेरात्री बाळंतपणाला जाते, हत्यार अंगावर आठ-दहा तास असतं. तिच्यासाठी निर्भीकच योग्य आहे आणि ती त्यावर खूश आहे. माझ्या अंगावर ते फार तर दीड तास असतं.

दोनशे ग्रॅमचा फरक फार नाही असं दुकानात वाटलं होतं. घरी आल्यावर कळलं. साडीवर सातशे ग्रॅम लटकवायला जागाच नाही. परकराच्या नाडीला ते पेलत नाही, निरीसकट खाली ओढतं. पर्समध्ये ठेवावं तर लुटारू आधी पर्सच ओढतो, म्हणजे हत्यार आपण होऊन त्याच्या हातात दिलं. भरण्याच्या दिवशी साडी बंद केली. रुंद कातडी पट्टा, वर सैल कुर्ता आणि जाकीट. उन्हाळ्यात, आमच्या इकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा, जाकिटाचा जीव नकोसा होतो, पण उपाय नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं हत्यार होल्स्टरमध्ये (त्याच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. कमरेला पिस्तूल उघडं लावून लग्नात फिरणं, रील काढणं, हे आपल्या मराठवाड्यात फार झालंय. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला शंभराहून जास्त परवाने रद्द झाले ते सगळ्यांनी वाचलंय. हौसेनं हवेत गोळी झाडली तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या भाऊजींना मी हे तोंडावर सांगितलं आहे. हत्यार दिसलं की त्याचा अर्धा उपयोग संपला. समोरच्याला कळतं आधी कोणाला आडवं करायचं.

होल्स्टर तयार आणलं ते कापडी होतं, महिन्यात लूज पडलं. मग अहमदपूरला चपला शिवणाऱ्या एका काकांकडं गेले. हत्यार न नेता पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून नेला होता. काकांनी म्हशीचं जाड कातडं घेतलं, दुहेरी टीप मारली, आणि मी सांगितलं तसं ट्रिगरची कमान पूर्ण झाकली जाईल असा खिसा केला. ट्रिगर उघडा राहील असं होल्स्टर कुणीही वापरू नये. जाकिटाची दोरी त्यात अडकली तरी पुरे. १,४०० रुपये घेतले. या सगळ्या खरेदीत मनासारखं काम त्यांच्याकडं झालं.

परवान्याआधी शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडावं लागतं. शिकवणारे माजी सुभेदार होते. दोन दिवसांत त्यांनी एकच वाक्य शंभरदा म्हटलं असेल, "ताई, बोट बाहेर." बोट ट्रिगरच्या कमानीबाहेर, मन पक्कं होईपर्यंत. आजही मी खोटी काडतुसं घालून रविवारी अर्धा तास सराव करते, तेव्हा तेच ऐकू येतं. घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे, म्हणून हत्यार भिंतीत बसवलेल्या लोखंडी पेटीत आणि काडतुसं वेगळ्या कपाटात. प्रबलचं बाजूला उघडणारं चक्र इथं रोज उपयोगी पडतं. सहाही घरं रिकामी आहेत हे एका नजरेत दिसतं आणि मगच पेटी बंद होते.

घेणाऱ्यांना दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. एक, निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, असं माझं दोनदा गेलं. ते महिने आम्ही काढले कॅमेऱ्यांवर, दोन माणसं सोबत नेण्यावर आणि भरण्याची वेळ रोज बदलण्यावर. खरं तर हे सगळं आधी करायचं असतं, हत्यार त्यानंतर.

दुसरी गोष्ट कायद्याची. माझ्या वकील भावानं मला भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ समोर बसवून वाचायला लावली. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. चोर पिशवी टाकून पळाला तर त्याच्या पाठीत गोळी घालणं हे संरक्षण नाही. मी भावाला विचारलं, त्या रात्री मामांच्या जागी मी असते तर? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कोयता वर असताना, हो. खाली आल्यावर, नाही." मधे किती वेळ असतो ते कॅमेऱ्यात आम्ही दोघांनी बघितलंय. दोन सेकंदसुद्धा नाहीत.

दोन वर्षं झाली, एकदाही बाहेर काढायची वेळ आलेली नाही. परवाना पाच वर्षांचा आहे. होल्स्टरची खालची टीप या पावसाळ्यात उसवली आहे. येत्या बाजाराला काकांकडं जायचंय, पुठ्ठ्याचा आकार अजून जपून ठेवलाय.