एकच मुलगा, दोन मैत्रिणी: गोष्ट कुणी सांगायची?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या दोन मैत्रिणींना एकच मुलगा आवडतो. अशी हलकीफुलकी किशोर कादंबरी एकीच्या डायरीतून सांगावी, की दोघींनी आळीपाळीने?

डायरीत धडधड छान उतरते. ‘तो आज सावानात दिसला’ एवढ्यावर पान भरतं. (सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनचं हे वाचनालय अशा भेटींना उत्तमच!) पण दुसरी मैत्रीण नकळत खलनायिका होते, आणि ते मला फार खटकतं.

आळीपाळीत तसं होत नाही. मिसळ खाताना पहिली त्याच्याकडे चोरून बघते. पुढच्या प्रकरणात कळतं, दुसरीनं ते पाहिलं होतं आणि मैत्रिणीला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम आणखी रस्सा मागवला होता. मैत्री इथे दिसते. दोघींचं बोलणं वेगळं ठेवणं मात्र अवघड. तरी माझी पसंती आळीपाळीलाच.