भूतकथेच्या ‘मूळ पाना’च्या नावाखाली फसवणूक

भूतकथांच्या जुन्या एल.पी. (ग्रामोफोनच्या लाँग-प्ले तबकड्या) ऐकून त्यांच्या मूळ कथांचा माग काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझे पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे खोटा संदर्भ असा माग काढणाऱ्या आमच्या मंडळींच्या याद्यांमध्ये शिरला.

माझ्याकडच्या एका तबकडीच्या कव्हरवर कथा वाचणाऱ्याचं नाव आहे, लेखकाचं नाही. बर्फात वाट चुकलेला माणूस टपालाच्या घोडागाडीत चढतो आणि आतले प्रवासी मेलेले निघतात, अशी ती कथा. जुन्या तबकड्या विकणाऱ्या एकाने मूळ छापील पान मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि 1881 सालच्या एका मासिकातल्या पानांचं स्कॅन पाठवलं. पिवळट कागद, कोपऱ्यात ग्रंथालयाचा पुसट शिक्का, लेखक ‘अनामिक’.

मजकूर तबकडीशी शब्दन्‌शब्द जुळत होता, आणि तिथेच पाणी मुरत होतं. एल.पी.च्या एका बाजूला साधारण 20 ते 25 मिनिटं मावतात, त्यामुळे लांब कथा वाचनासाठी कापावीच लागते. छापील पानात तो कापलेला भाग असायलाच हवा. इथे जास्तीचं एक वाक्य नव्हतं. उलट वाचणाऱ्याने श्रोत्यांना उद्देशून म्हटलेलं पहिलं वाक्यही तिथे छापलेलं होतं. ध्वनिमुद्रण ऐकून कुणीतरी ते टाइप केलं होतं.

इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पुस्तकं-मासिकं ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या मासिकाचा तोच खंड फुकट उघडला. त्या पानांवर भलताच लेख होता.

कथा निघाली इंग्रज लेखिका अमेलिया एडवर्ड्स यांची, ‘द फँटम कोच’. 1864 साली कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात ती वेगळ्याच शीर्षकाने आली होती, आणि त्या साप्ताहिकात लेखांवर सहसा नावं नसत. माग काढणं अवघड होतं ते यामुळेच, आणि असे फसवणारे लोक नेमकं हेच हेरतात. मूळ कथेत खिडकी उघडताना चामड्याचा पट्टा नायकाच्या हातात तुटून येतो, काचेवर बुरशीचा जाड थर दिसतो, आणि मग त्याचं लक्ष गाडीच्या अवस्थेकडे जातं. फार सुंदर जागा आहे ती. तबकडीत ती नाही, त्या विक्रेत्याच्या ‘मूळ’ पानातही नाही.

असं पान कुणी देऊ केलं तर पैसे देण्याआधी मागचं-पुढचं पान आणि अंकाची अनुक्रमणिका मागा. मी ती मागितल्यापासून त्याचं उत्तर नाही. तेच स्कॅन तो आता दुसऱ्यांना विकतो आहे.