बाबांचा टॅब, मराठी पुस्तकं आणि आठ महिने

गेल्या दिवाळीत बाबांच्या टॅबवर पुस्तकं वाचायचं ॲप टाकलं. बाबा 79 वर्षांचे. घर वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात, आणि उभं आयुष्य मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाण्यायेण्यात गेलं. सयाजीरावांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून 1910 साली उभी केलेली ही लायब्ररी. तिथल्या काचेच्या फरश्यांमधून उजेड खालच्या मजल्यावर कसा उतरतो, हे बाबा अजून सांगतात. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून हा टॅब. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी चांगलं ते सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तकातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. इथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी नव्याने जुळतात. चार महिन्यांत त्यांनी अकरा पुस्तकं वाचली. याबद्दल मी खरंच कृतज्ञ आहे.

पण हे सुख फक्त ईपब पुस्तकांचं, म्हणजे ज्यांच्या फाइलमध्ये ओळी अशा नव्याने जुळतात त्यांचं. पीडीएफ म्हणजे जणू पानाचा फोटोच. अक्षर मोठं केलं की पानच मोठं होतं, आणि प्रत्येक ओळ वाचायला ते डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. विकत घेताना दोन्ही प्रकारची पुस्तकं सारखीच दिसतात. पैसे भरल्यावर कळतं. आमची तीन पुस्तकं अशी अडकली आहेत.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो पानाच्या तळाशी असलेल्या पट्टीचा. बाबांचा हात थोडा थरथरतो. पान उलटताना अंगठा त्या पट्टीला लागायचा आणि 140व्या पानावरून थेट 310व्यावर! परतीचा रस्ताच नव्हता. त्यात अक्षराचा आकार बदलला की पानांचे आकडेही बदलतात, म्हणून आकडा लक्षात ठेवूनही उपयोग नाही. मग बाबा रोज झोपण्याआधी कॅलेंडरवर प्रकरणाचं नाव आणि शेवटचं वाक्य लिहून ठेवू लागले. अँड्रॉइडच्याच शिफारशीप्रमाणे बोट लावायची जागा निदान 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर असावी. ही पट्टी त्याच्या निम्मीही नाही. मे महिन्यातल्या अपडेटमध्ये ‘मागच्या जागी जा’ असं बटण आलं. मी दोनदा लिहून कळवलं होतं, त्यामुळे त्या दिवशी फार बरं वाटलं. पट्टी मात्र तेवढीच आहे.

आता मराठीबद्दल. पहिल्याच पुस्तकावर बाबांनी विचारलं, “हे हिंदी का गं?” पुस्तक मराठीच होतं, पण ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे. फाइलमध्ये भाषा मराठी असल्याची खूण नसली की हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असलेला फॉन्टसुद्धा बहुतेकदा हिंदीचीच दाखवतो. खूण घालणं हे प्रकाशकाचं काम, पण ॲपलाही ते तपासता येईल.

शोध तर अर्धाच चालतो. ‘दुसऱ्या’ टाकलं की काही पुस्तकांत एकही जागा सापडत नाही, आणि शब्द तर समोर पानावर दिसतोय! कारण हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन आणि पुढे न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. शोधण्याआधी दोन्हीचं एकच रूप करून घेतलं की प्रश्न मिटतो. ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वडोदऱ्या’ हे शब्द ज्या भाषेत पानोपानी येतात, तिथे एवढं व्हायलाच हवं.

रात्रीचा काळा पडदा ठीक आहे. वाचून दाखवणारा आवाज आम्ही बंद केला, जोडाक्षरं फार तुटतात.

ॲपची वर्गणी दिवाळीला संपते, आणि मी ती पुन्हा भरणार आहे. तुम्ही घरातल्या मोठ्यांसाठी घेणार असाल तर आधी नमुन्याची पानं उघडा आणि अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने जुळल्या तरच पुस्तकाचे पैसे भरा.