सेल्फ लागेना, गिअर पडेना : मिनी ट्रॅक्टरचे चौदा महिने

गेल्या वर्षी पाडव्याला २२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. आज मीटरवर ४३० तास झालेत. सांगोला तालुक्यात आमची साडेतीन एकर डाळिंबाची बाग आहे, लावण १५ बाय १० फुटांवर. सोलापूरच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राची शिफारसही तेवढ्याच अंतराची, साडेचार बाय तीन मीटरची. पण झाडं भरली आणि फांद्या दोन्हीकडून आत आल्या की पट्ट्यात सहा-सात फूटच मोकळे राहतात. मोठा ट्रॅक्टर घातला की फळांचं नुकसान ठरलेलं. म्हणून चार फुटांच्या आत बसणारा हा घेतला. ओढ चांगली आहे, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर (अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) ब्लोअर, म्हणजे फवारणीचा पंखा, आरामात फिरतो, डिझेलची तक्रार नाही. लिहायचंय ते सेफ्टी स्विच आणि गिअरबद्दल. त्यांच्यापायी आमच्या घरात मोठा अपघात होता होता राहिला.

या गाडीला तीन स्विच आहेत. पहिला क्लचच्या पेडलखाली : पेडल तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. दुसरा पीटीओच्या दांडीजवळ : पीटीओ चालू असला तरी सेल्फ लागत नाही. तिसरा सीटखाली : पीटीओ फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद. पहिले दोन एकाच वायरीत एकापाठोपाठ एक जोडलेत. एकानं साथ सोडली की चावी फिरवून उपयोग नाही.

ऑक्टोबरात मंगळवेढ्याला मेहुण्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या पेरणीसाठी गाडी आठ दिवस नेली होती. परत आली आणि चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर काहीच नाही. हॉर्न खणखणीत, लाईट लख्ख, पण सेल्फचा साधा ‘टक’ आवाजसुद्धा नाही. त्याच आठवड्यात गिअरही जड झाला होता, टाकताना खर्रर्र करायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

फवारणी खोळंबली होती. वायरमनला बोलावलं. त्यानं दहा मिनिटांत क्लच स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळल्या, काळी टेप गुंडाळली. म्हणाला, “मालक, डायरेक्ट केलंय. सगळ्यांचं असंच असतंय, आता कधी त्रास नाही.” गाडी लगेच चालू झाली. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

नवव्या दिवशी पुतण्या टाकीत पाणी भरून झाल्यावर गाडीवर न चढता, मागच्या टायरजवळ उभा राहूनच हात लांब करून चावी फिरवायला गेला. क्लच दाबायची गरजच उरली नव्हती, त्यामुळं पोराला तशी सवय लागली होती. गिअर लो सेकंडमध्ये राहिलेला. सेल्फ लागला तशी गाडी उसळली, पाच-सहा फूट पुढं गेली, डाळिंबाच्या खोडाला धडकून बंद पडली. पुतण्या मागं कोलमडला म्हणून वाचला. त्याच्या डाव्या पायातली चप्पल टायरच्या नक्षीखाली गेली होती. नंतर काढली तेव्हा तिचा पट्टा तुटलेला, तळव्यावर टायरच्या खाचा उमटलेल्या. ती चप्पल मी अजून शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय.

त्या दुपारी मी स्वतः टेप सोडवली आणि वायरी पुन्हा स्विचला जोडल्या. मग पेडलखाली पालथा पडून बॅटरी मारून बघितलं. मंगळवेढ्याची चिकण माती पेडलच्या खाली बसून वाळून दगड झाली होती, चांगली अर्धा-पाऊण इंच. त्यामुळं पेडल तळापर्यंत जातच नव्हतं. खालचा स्विच दाबला जात नव्हता, आणि क्लचही पूर्ण सुटत नव्हता. सेल्फ न लागणं आणि गिअर खरखरणं, दोन्हींचं मूळ एकच ढेकूळ. खुरप्याच्या टोकानं ते फोडलं, पाणी मारलं. सेल्फ लागला, गिअर लोण्यासारखा पडला. टेप मारून घेतली नसती तर आधी खाली वाकून बघितलं असतं.

तेव्हापासून एक पक्कं धरलंय : ‘टक’ आवाज येतो का ते ऐकायचं. आवाज येतो पण सेल्फ फिरत नाही, तर बहुतेक वेळा बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फचंच काम. आवाजच नाही आणि लाईट मात्र नीट, तर आधी फ्यूज आणि स्विचची वायर बघायची. जमिनीवर उभं राहून स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फचे दोन बोल्ट जोडायचे नाहीत, कुणालाही जोडू द्यायचे नाहीत. तो प्रकार सगळ्या स्विचांना वळसा घालून थेट सेल्फ फिरवतो, आणि माणूस नेमका टायरच्या वाटेत उभा असतो.

पीटीओच्या स्विचनं वेगळा त्रास दिला. बागेत बोर्डो हे बुरशीनाशक मारावं लागतं, आणि त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार असतं. ब्लोअरचे तुषार वाऱ्यानं गाडीवरच येतात. चार-पाच फवारण्यांनंतर जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या, बारीक पूड धरली. बॅटरीची वायर काढून पिना घासल्या, कोरड्या केल्या, वर ग्रीस दिलं. आता प्रत्येक बोर्डोनंतर गाडी धुतो, पण जोडणीवर जोराचा फवारा मारत नाही. सीटखालची वायर डाळिंबाच्या काट्यानं ओरबाडली होती. तिच्यावर १६ एमएमच्या जुन्या ड्रिप लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) तुकडा उभा चिरून चढवला, वर दोन टाय. सहा महिने झाले, हललेला नाही. मात्र बांधावरून जाताना सीटवरून जरा उसळलं तरी पीटीओ चालू असेल तर इंजिन बंद पडतं. स्विचची स्प्रिंग कमजोर झालीय. कंपनीनं वायरिंग उघडं सोडलंय ही माझी खरी तक्रार आहे. काटेरी बागेसाठी म्हणून गाडी विकता तर वायरींना नळी घालूनच द्या.

आता गिअरचं उरलेलं. माती काढल्यावरही ब्लोअर लावला की अधूनमधून खर्रर्र व्हायचं. फिटरनं समजावलं ते पटलं. आमच्या गाडीला सिंगल क्लच आहे, म्हणजे चाकं आणि पीटीओ दोन्हींना एकच. क्लच दाबला तरी ब्लोअरचा पंखा आपल्या वेगानं फिरतच राहतो आणि पीटीओतून मागच्या बाजूनं गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरवत ठेवतो. फिरत्या दातात गिअर कसा पडणार? पंख्याला फ्री-व्हील (सायकलसारखं, एकाच दिशेनं जोर देणारं) असेल तर हे होत नाही, आमच्या ब्लोअरला ते नाही. त्यामुळं गाडी थांबवायची, पीटीओ काढायचा, क्लच दाबून तीन-चार आकडे मोजायचे आणि मग गिअर. हाय-लोची, म्हणजे वेगाचा टप्पा बदलायची दांडी तर पूर्ण थांबल्यावरच हलवायची, चालत्या गाडीत नाही. पेडलचा प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते अंतर) दर पन्नास तासांनी मोजतो. आमच्या पुस्तिकेत २० ते ३० मिलिमीटर दिलाय. तो वाढला की क्लच सुटत नाही, कमी झाला की प्लेट घसरते. हा प्ले पक्का धरणारा चेकनट एकदा ढिला सापडला, दोन पान्यांचं काम. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची ड्रायव्हरची सवय मात्र मोडायला वेळ लागला.

घ्यावा का? पंधरा फुटांच्या पट्ट्यातल्या बागेला हाच आकार योग्य आहे, मी पुन्हा हाच घेईन. घेताना तिन्ही स्विच कुठं आहेत ते दुकानातच हात लावून बघून घ्या, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. आमची बाग ताणावर (पाणी तोडलेली) आहे, पुढच्या आठवड्यात मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरायच्या फुलोऱ्याचं पाणी सुटेल. सीटखालचा नवा स्विच सांगोल्यात आलाय. उद्या सकाळी पुतण्याच तो आणायला जाणार आहे, आणि बसवणारही तोच.